घरी जोड काय आहे?

गेल्या विकांताला मामाच्या गावी गेलो होतो. आसनगावला लोकलमधून उतरायचं आणि मामेभावाच्या बाईकवर मागे बसून शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्याने मुरबाडकडे निघायचं, हा माझा लहानपणापासूनचा रस्ता (तेव्हा बाईकच्या जागी एस्टी होती, एवढाच फरक). निमित्त होतं मुरबाडजवळच्या एका गावातल्या कबड्डी सामन्यांचं. मातीचं मैदान, चार फ्लडलाईट, एक न थांबणारा लाऊडस्पीकर आणि कडेला वडापावची गाडी. मामेभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. डाव्या कोपऱ्यात खेळतो आणि घोटा पकडला की सोडत नाही.

सामने संपायला रात्रीचे साडेअकरा झाले. परतताना चहाच्या टपरीवर मामांनी एकदम विषय काढला.

"त्या पुण्यावाल्यांनी त्या इराण्याला किती दिले होते रे?"

"दोन कोटी पस्तीस लाख."

"जास्त दिले."

मी लगेच उसळलो. "मामा, पुणेरी पलटण त्याच वर्षी जिंकली. मग जास्त कसे?"

"जिंकले म्हणून भाव बरोबर होता असं थोडंच आहे? लॉटरी लागली म्हणून तिकीट काढणारा शहाणा होतो काय?"

आता ह्याला उत्तर द्यायचं म्हणजे पंचाईत. कारण मामा सातवी पास आहेत आणि आमच्या हापिसातल्या अर्ध्या मॅनेजरांना ही गोष्ट कळत नाही. रिलीज वेळेवर गेलं म्हणजे घेतलेले सगळे निर्णय बरोबर होते, असं आम्ही दर तीन महिन्यांनी पीपीटीत लिहितो. असो. रविवारी घरी आल्यावर मी हा प्रश्न जरा नीट मांडून बघितला. त्याचंच हे टिपण.

आधी थोडा इतिहास. आमच्या भागात कबड्डीपटूची किंमत रुपयांत मोजली जाते हे फार अलीकडचं आहे. त्याआधी किंमत म्हणजे नोकरी. चांगला खेळलास तर रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एखादी बँक असं कुठेतरी चिकटशील, हे प्रत्येक पोराला माहीत असे. खेळाच्या जोरावर मिळालेली कायमची नोकरी हाच त्याचा लिलाव. त्यात बोली एकदाच लागायची आणि निवृत्तीपर्यंत पुरायची.

मग २०१४ साली प्रो कबड्डी लीग आली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सकडे, १२ लाख ८० हजारांना. आज हा आकडा वाचून हसू येतं. २०१८ च्या लिलावात इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबाने बरोबर १ कोटीला घेतलं आणि पहिल्यांदाच कोटीची रेघ ओलांडली गेली. त्याच लिलावात सहा जण कोटीला पोचले. आपला रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. सगळ्यात महाग ठरला मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख, हरियाणा स्टीलर्स. त्या मोसमात हरियाणा आपल्या गटात तळाला राहिली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या लीगमध्ये प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०१९ ला ती ४ कोटी ४० लाख होती, २०२३ ला ५ कोटी. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापुढे जाता येत नाही. म्हणजे एका खेळाडूवर टाकलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून उचललेला असतो. त्यामुळे "दोन कोटी पस्तीस लाख" हा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही. "पाचातले दोन पस्तीस" असा वाचला तरच तो बोलायला लागतो. बाकीचा अख्खा संघ उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत उभा करायचा.

हा पेच अमेरिकन फुटबॉलवाल्यांना (हातात धरून पळायचा तो फुटबॉल) आपल्याआधी कितीतरी वर्षं पडलेला आहे. तिथे कॉलेजातून येणारी पोरं लिलावात जात नाहीत. संघ क्रमाने एकेकाला निवडतात, आणि गेल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाचा पहिला नंबर. पण नंबर विकता-बदलता येतात. मला पाचवा नंबर हवा असेल तर मी माझा बारावा, शिवाय खालचे दोन-चार, शिवाय पुढच्या वर्षीचे काही, असं देऊन वर सरकू शकतो. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाच्या माईक डिटका या प्रशिक्षकाने रिकी विल्यम्स या एका पोरासाठी त्या वर्षीचे आपले सगळे नंबर दिले आणि वर २००० सालचा पहिला आणि तिसराही देऊन टाकला. एका माणसासाठी आठ नंबर! त्या मोसमात संघाने १६ पैकी ३ सामने जिंकले आणि डिटकाची नोकरी गेली.

गंमत म्हणजे रिकी विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. पुढे मायामीकडून खेळताना २००२ मध्ये त्याने सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड पळून दाखवले. पण त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे गडी उभे करायला न्यू ऑर्लिन्सकडे काही उरलंच नव्हतं.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) या दोघांनी अशा सौद्यांचा हिशोब मांडला. २००५ मध्ये मसुदा आला, २०१३ मध्ये निबंध छापून आला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे सगळ्यात वरच्या नंबरांचा भाव त्यांच्यातून निघणाऱ्या खेळाच्या मानाने फार चढा असतो, आणि दुसऱ्या फेरीच्या आसपासची पोरं पगाराच्या मानाने जास्त देऊन जातात. दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटली. पुढच्या वर्षीचा नंबर देऊन आजचा घेणारे संघ जणू वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त व्याजाने कर्ज काढत होते. गावचा सावकारही लाजेल.

लिलावात तर ह्याच्या जोडीला आणखी एक रोग असतो. १९७१ मध्ये तेल कंपनीच्या तीन इंजिनियरांनी (केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल) तो मांडला. समुद्राखालच्या तेलाच्या पट्ट्यांना बोली लावताना प्रत्येक कंपनी अंदाजच करते. काहींचा अंदाज कमी, काहींचा जास्त. पट्टा कुणाला मिळतो? ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला त्याला. म्हणजे जिंकलात तर तुम्ही जास्त दिले असण्याचीच शक्यता मोठी. ह्याला नाव पडलं 'विजेत्याचा शाप'.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हशाला म्हणूनच रुमाल असतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्या, भांडी, पाळणे सगळं असतं, पण यात्रा ओळखली जाते ती बैलबाजारासाठी. जुन्या रीतीप्रमाणे हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. लहानपणी मला ती चोरटेपणाची रीत वाटायची. आता वाटतं की त्यात एक शहाणपण आहे. दुसऱ्याचा आकडा ऐकून अंगात येतं ते रुमालाखाली येत नाही. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात, कॅमेऱ्यांसमोर, समोरच्या टेबलावरची पाटी वर गेली की आपलीही वर जाते. एकदा वर गेलेला हात खाली घ्यायला लाज वाटते.

पण मामांचं खरं म्हणणं रुमालाबद्दल नव्हतंच. ते म्हणाले, "बैल बघायला गेलं की दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. ते समद्यांना जमतं. जाणता माणूस आधी इचारतो, घरी जोड काय आहे?"

औताला बैल दोन लागतात. घरचा बैल बुटका आणि थकलेला, आणि तुम्ही म्हशाहून उंचापुरा खिल्लारी आणलात, तर जू एका बाजूला कलतं. नवा ओढतो, जुना फरफटतो आणि चिखलणी दोघांचीही होत नाही. मामांनी हे स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकात एका यात्रेत त्यांनी डोळे दिपून असाच एक बैल आणला होता. भाताचे पैसे गेले, वर उसनवारी झाली. पावसाळ्यात तो घरच्या बैलाबरोबर चालेना. दिवाळीनंतर पडेल भावात विकला. "बैल चांगलाच होता," मामा आजही म्हणतात. "चूक बैलाची नव्हती."

तर आता हा प्रश्न घेऊन कबड्डीच्या लिलावांकडे बघू.

पहिलं उदाहरण आपल्या मातीतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पठ्ठ्याने पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर गुण काढले. पुढच्या वर्षी, २०१९ ला, तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले, म्हणजे मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. सिद्धार्थ घसरला का? अजिबात नाही, पुन्हा दोनशेच्या वर चढाईचे गुण. आणि टायटन्स? बारा संघांत अकरावे. तिकडे त्याला गमावलेली यू मुंबा, जी आदल्या वर्षी एलिमिनेटरमध्येच बाहेर पडली होती, ती ह्या वेळी उपांत्य फेरीत पोचली.

दुसरं उदाहरण पवन सेहरावत. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं. अर्ध्याहून जास्त थैली एका माणसावर! पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि मोसम संपला. आता थलैवाज बुडाले असं कुणीही म्हटलं असतं. पण नरेंदर कंडोला नावाचा, लिलावातही न गेलेला, नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून स्वस्तात घेतलेला पोरगा उभा राहिला. त्याने २४३ चढाईचे गुण काढले आणि थलैवाज त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले. तिथे त्यांना हरवलं पुणेरी पलटणने.

आणि तिसरं उदाहरण म्हणजे आमचं टपरीवरचं भांडण. ऑक्टोबर २०२३, मुंबई. एकाच लिलावात दोन संघांनी साधारण सारखाच जुगार खेळला. तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं, पाचातले अर्ध्याहून थोडे जास्त. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, अर्ध्याला थोडे कमी. दोघेही आपापल्या कामात देशात, नव्हे जगात, पहिल्या पाचांतले. पवन त्या मोसमात चांगला खेळला. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि शेवटचा नंबर मिळवला. पलटणने १७ जिंकले, २ हरले, गुणतक्त्यात पहिला नंबर पटकावला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. शादलुई त्या मोसमातला सगळ्यात यशस्वी पकडपटू ठरला.

फरक कुठे पडला? पलटणच्या घरी जोड होती. अस्लम इनामदार (अहिल्यानगर जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर), नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत, गौरव खत्री, संकेत सावंत, अबिनेश नादराजन. ही बहुतेक पोरं तरुण वर्गातून आलेली, तिथेच वाढलेली, लिलावात न सोडता राखून ठेवलेली. त्यांना बाजारभावाने विकत घ्यायचं म्हटलं असतं तर पाच कोटींत अर्धा संघही झाला नसता. पण ती आधीच घरात होती. म्हणून उरलेल्या पैशात एक उमदा बैल आणणं परवडलं. टायटन्सने आधी तंबूचा खांब आणला, आणि कनात विकत घ्यायला गेले तेव्हा खिसा रिकामा होता. एकखांबी तंबू, दुसरं काय.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा निकाल बघून केलेला शहाणपणा आहे. बरोबर, मामांचा पहिला आक्षेप तोच होता. म्हणून निकाल थोडा बाजूला ठेवू आणि त्याच माणसाचा पुढचा प्रवास बघू, कारण असा प्रयोग फार क्वचित बघायला मिळतो. २०२४ ला पलटणने शादलुईला सोडलं. हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं. आदल्या वर्षी अंतिम फेरी गाठलेला, बचाव आधीच घट्ट असलेला संघ. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून करंडक जिंकला. पलटण त्या मोसमात बाद फेरीतसुद्धा नव्हती. २०२५ ला गुजरात जायंट्सने त्याच शादलुईला २ कोटी २३ लाख दिले. ते पहिल्या आठांतही आले नाहीत. आणि पलटण? त्याच्याशिवाय, पुन्हा त्याच घरच्या पोरांच्या जोरावर, ३१ ऑक्टोबर २०२५ ला अंतिम सामन्यात. दिल्लीकडून ३१-२८ हरले, पण पोचले.

माणूस एकच. तीन वर्षं, तीन संघ, भाव जवळजवळ सारखाच. दोन करंडक आणि एक फज्जा. तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, आणि नशिबाचा वाटा मोठा असतो हेही कळतं. पण भाव सारखा आणि निकाल इतके वेगळे, तेव्हा उत्तर भावात नसावं एवढं म्हणायला हरकत नाही.

म्हणून माझा निकाल असा: पलटणने जास्त दिले नाहीत. तेच २ कोटी ३५ लाख टायटन्सने दिले असते तर ते जास्त झाले असते.

हे सांगायला मी मामांना पुन्हा फोन केला. वाटलं, म्हातारा खूश होईल, त्याचाच मुद्दा सिद्ध करून दिला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन गुंठे काढावे म्हणत होतो. रस्त्याच्या अंगाचे."

मग सगळं कळलं. मामेभावाला एका अकादमीत वर्षभर राहून सराव करायचाय. राहणं, खाणं, खुराक, सगळा खर्च आपला. आयटीआयचं दुसरं वर्ष सोडावं लागेल. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनीला गिऱ्हाईक दारात येतं, त्यामुळे दोन गुंठे विकणं आता अवघड राहिलेलं नाही. टपरीवर मामा पुण्याबद्दल बोलतच नव्हते. दोन कोटी पस्तीस लाखांच्या आडून ते स्वतःचे दोन गुंठे मोजत होते.

मला काय बोलावं सुचेना. मीही काही वेगळं केलेलं नाही. ठाण्यात दोन खोल्यांसाठी वीस वर्षांचे हप्ते आजच देऊन बसलोय. म्हणजे पुढच्या वीस मोसमांचे नंबर. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी हेच केलं असेल. त्यामुळे उपदेश करायचा अधिकार नव्हता. मी फक्त त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"मामा, घरी जोड काय आहे?"

"म्हंजे?"

"म्हणजे अकादमीचं नाही जमलं, किंवा त्या पवनसारखा गुडघा गेला, तर दुसऱ्या बाजूला जू कोण धरणार? वर्ष संपल्यावर हातात आयटीआयचा कागद असेल का?"

फोनवर मागून मामेभावाचा आवाज आला. तो ऐकत होता. "दादा, पण लिलावात जायचंय मला. तिकडं लवकर जावं लागतं."

त्याचंही खरंच आहे. एकोणीस हे वय कबड्डीत कोवळं नाही. म्हणून मी त्याला कोटींचे आकडे सांगितले नाहीत, नरेंदर कंडोलाचं सांगितलं. अस्लमचं सांगितलं. हे लिलावाच्या मंचावरून आत आले नाहीत, खालच्या दाराने आले. त्या दाराला भाव कमी आहे, पण संघ जिंकतात ते तिथून आलेल्यांवर. आणि त्या दारातून जायला दोन गुंठे विकावे लागतात असं कुठे लिहिलेलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. आयटीआय पुरं करायचं. ते मे-जूनपर्यंत होईल. तोवर रोज पहाटे सराव, विकांताला सामने, आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं. त्याच्या खुराकाचे पैसे मी देणार (दर महिन्याला एक पिझ्झा कमी खाल्ला तर मला काही होत नाही, झालाच तर फायदा होईल). अकादमीचं त्यानंतर बघू. जमीन आहे तिथे राहील.

निर्णय बरोबर का चूक, मला माहीत नाही. कदाचित हे एक वर्षच त्याचं हुकलेलं वर्ष ठरेल आणि तो मला आयुष्यभर बोल लावेल. पण निकाल काहीही लागला तरी आज घरात काय होतं ते बघून ठरवलंय, एवढं मामांना आणि मला दोघांनाही सांगता येईल.

पुढच्या रविवारी किन्हवलीजवळ सामने आहेत. येणार असाल तर आसनगावला उतरा. वडापाव माझ्याकडून.